माझ्या हिश्श्याची भरपाई

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

आज मला शिक्षा झाली.

घरात दुसरी कोरी वही नाही, म्हणून वायर कंपनीच्या फुकट डायरीत लिहून राहिलो. एरवी हिच्यात मालाच्या याद्या असतात. होल्डर सहा, एमसीबी चार, असं. आज झोप येणार नाही हे जेवतानाच कळलं होतं, म्हणून जेवण झाल्याबरोबर पेन हातात घेतलं.

वकील साहेब म्हणाले होते, "संगमेश्वर, कबूल करून टाक. किरकोळीत भागतंय. लढवत बसलास तर दहा वर्षं चपला झिजतील." मी कबूल केलं. त्यात खोटं तरी काय? वायरिंग माझं, ते तपासल्याच्या रिपोर्टवर सही माझी, पोरीला शॉक बसला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हणालो, "हाव साहेब."

मग ते भराभर बोलले आणि बाईंनी भराभर टाइप केलं. कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंग नाही, तिथंच मागच्या बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसायचं. मला वाटलं, सुटलो बाबा. तेवढ्यात पुढचं कानावर आलं. जखमी मुलीला चार लाख रुपये नुकसानभरपाई, दोन महिन्यांत. नाही भरली तर सहा महिने कैद.

चार लाख! साहेबांनी पुढची फाईलसुद्धा उघडली होती.

बारापासून सहापर्यंत बसलो. त्या कोर्टातल्या पंख्याची बेअरिंग गेलीय. सहा तास करकर ऐकली, हात नुसते शिवशिवत होते. उठून सांगावं वाटलं, साहेब, स्टूल द्या, दहा मिनिटांत गप करतो. पण गुन्हेगारानं पंख्याला हात लावायचा असतो का, कुणाला विचारणार?

१७ जानेवारी

शीलाला काल नुसतं "झालं एकदाचं" म्हणालो होतो. आज आकडा सांगितला. बायको रडंल असं वाटलं होतं. तिनं ज्वारी निवडता निवडता विचारलं, "चार लाख कुणी ठरवले?"

"कोर्टानं."

"कोर्टानं तुम्हाला विचारलं का, तुमच्याकडं काय हाय?"

"गुन्हेगाराला विचारत असतात व्हय?"

"मी आपलं विचारलं," म्हणाली आणि सुपातले खडे टाकायला बाहेर गेली. डोकं फिरलं माझं. ही बाई कधी भांडत नाही, नुसती विचारते.

झालं ते एकदा सरळ लिहून काढतो. अमरेशअप्पांचं मुलींचं हॉस्टेल आहे, क्लासच्या पोरी राहतात. त्याचं सगळं वायरिंग मी केलं. मे २०२३ मध्ये तिथल्या वॉटर कूलरच्या बॉडीत करंट उतरला. पुनम नावाची पोरगी, किनवटकडच्या खेड्यातली, डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला आलेली. तिनं ओल्या हातानं नळ धरला. हात सुटेना. नांदेडच्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठा आणि शेजारचं.

विजेच्या इन्स्पेक्टरनं लिहिलं, अर्थिंग निकामी. बरोबर आहे. अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, वर मीठ आणि कोळसा. चुकून बॉडीत उतरलेला करंट तिथून जमिनीत जातो. पण खड्डा ओला पाहिजे. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालावं लागतं, नाही तर कोरडी माती करंट घेत नाही. आता लातूरमध्ये नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. प्यायला टँकर. खड्ड्यात बादली ओततो म्हणलं तर लोक वेड्यात काढतील. आमच्या गावातले निम्मे खड्डे मे महिन्यात कोरडे असतात. मलाही ठाऊक, सगळ्या वायरमन लोकांना ठाऊक. कुणी बोलत नाही एवढंच.

२० जानेवारी

आज अप्पा स्वतः घरी आले. आमच्या घरी, चप्पल काढून! एवढा मोठा माणूस, तीन हॉस्टेलं, नवीन चौथं बांधून राहिले, आणि खुर्ची नको म्हणून सतरंजीवर बसले. मी तर उभाच राहिलो.

म्हणाले, "संगू, तू माझा माणूस. वकील मी दिला होता ना? मग आताही मीच बघतो. चार लाख मी भरतो. सवडीनं फेड. नवीन बिल्डिंगच्या कामातून कापून घेऊ." माझे डोळे भरून आले. सख्खा भाऊ असं म्हणत नाही आजकाल.

एकच गोष्ट सांगितली. अपील-बिपील करायचं नाही. "उगंच जुनं उकरून काढतात, पोरीलाही त्रास, तुलाही त्रास." पोरीचासुद्धा विचार करणारा माणूस. आणि पाचशेच्या कोऱ्या स्टॅम्पवर सही पाहिजे म्हणाले, मजकूर त्यांचा मुनीम नंतर घालंल.

शीलानं चहा आणला तो बिनसाखरेचा. अप्पांनी घोटभर घेतला आणि खाली ठेवला. मला मेल्यासारखं झालं. नंतर म्हणालो, अगं साखर विसरलीस. म्हणाली, "विसरले."

स्टॅम्प घरात नव्हता म्हणून सही राहिली. उद्या आणतो.

२९ जानेवारी

स्टॅम्प आणला होता. शीला म्हणाली, आज आधी रेशनकार्डाच्या कामाला चला माझ्यासंगं. गेलो तर रिक्षा कोर्टासमोर थांबली. बायकोनं फसवलं! कोर्टाच्या आवारात गोरगरिबांना फुकट वकील देणारं एक ऑफिस आहे. तिथं आठवड्यापूर्वीच ती जाऊन आली होती. मी रस्त्यावरच भांडणार होतो, पण शिपाई ओळखीचा निघाला. त्याच्या घरची पाण्याची मोटार मीच बसवलेली. मुकाट्यानं आत गेलो.

बुद्धप्रिया मॅडम म्हणून वकील आहेत. नांदेडच्या, तिशीच्या आतल्या. टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर डबा उघडा, जेवता जेवताच निकाल वाचला त्यांनी. दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही कोर्टात काय कबूल केलंत?"

"गुन्हा."

"आकडा कबूल केला होता का?"

मला प्रश्नच समजला नाही.

"गुन्हा कबूल केला, ते झालं. त्याच्यावर आता अपील नाही. पण चार लाख का, दोन का नाहीत, आठ का नाहीत, हे कुठं लिहिलंय ह्यात? तुमची कमाई विचारली? मुलीचा खर्च किती झाला त्याचा पुरावा घेतला? तुम्हाला बोलू दिलं? भरपाई लावायच्या आधी हे बघावं लागतं. नाही बघितलं तर तुम्ही वरच्या कोर्टात विचारू शकता. तो तुमचा हक्क आहे."

मी म्हणालो, "मॅडम, पोरीची बोटं गेली माझ्यापायी. आता मी उभा राहून घासाघीस करू? शेण खायचं आणि वर त्याची चव सांगायची?"

त्या चिडल्या नाहीत. पोळीचा तुकडा मोडून म्हणाल्या, "ज्यानं काही केलं नाही त्याला हक्क असणं सोपं आहे काका. केलेल्याला असतो, म्हणून तर तो हक्क."

 येताना रिक्षात ते डोक्यातनं जाईना. तीस वर्षं झाली, सरकारी ऑफिसात मी हात बांधून उभा राहतो. लाईन जोडायला गेलो तरी, परवाना नवा करायला गेलो तरी. आणि ही पोरगी सांगते, शिक्षा झाल्यावरसुद्धा तू विचारू शकतोस. असा कायदा कुणी केला असंल? त्याला काय पडली होती माझी?

६ फेब्रुवारी

मॅडमनी कमाई लिहून आणायला सांगितली. सोपं वाटलं होतं. बसलो तर शरम वाटायला लागली. लोकांत मी "मिस्तरी", "संगूमामा". गेल्या लग्नसराईत अहेर पाकिटात घालताना हात आखडला नाही. आणि कागदावर लिहायचं, महिन्याला चौदा-पंधरा हजार, तेही काम असलं तर. घर दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. शीलानं पुढं बसून एकेक लिहून घेतलं. ज्या वस्तू मी सांगत नव्हतो त्या ती सांगत होती. "सासूबाईंच्या बिपीच्या गोळ्या लिहा." आई आतून ओरडली, "माझ्या गोळ्या कोर्टात नेता काय रे?"

स्टॅम्प अजून पाकिटातच आहे.

११ फेब्रुवारी

अपील दाखल झालं. चार लाखांना सध्यापुरती स्थगिती मिळाली.

अप्पांना फोन करून सांगितलं, त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. एवढा उपकार करणाऱ्या माणसाला अंधारात कसं ठेवायचं?  ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. तब्येत बरी नसावी.

५ मार्च

चौथ्या हॉस्टेलचं काम दुसऱ्याला गेलं. अप्पांचा मुनीम म्हणाला, साहेबांना वाटतं तुमच्या डोक्याला आधीच ताप आहे, कामाचा भार नको. माझी किती काळजी त्यांना! पण काम पाहिजे होतं.

शीलाला हे सांगितलं तर ती हसली. तिचं हल्ली असंच चाललंय.

२४ एप्रिल, नांदेड

नांदेडला एका लॉजच्या वायरिंगचं चार दिवसांचं काम मिळालं. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या रस्त्याला. आज दुपारी सुट्टीत एक गाढवपणा केला. इथं लिहितो, मॅडमना सांगणार नाही.

अपिलाच्या कागदावर पुनमच्या कॉलेजचा पत्ता होता. नांदेडच्याच एका कॉलेजात शिकते आता, डॉक्टरकीचं काही झालं नाही. मी ऑटो केली आणि तिच्या कॉलेजच्या गेटसमोर रसवंतीत जाऊन बसलो. काय बोलणार होतो देव जाणे. माफी मागणार होतो, का आकडा कमी करायला लावतोय ते सांगणार होतो.

ओळखायला वेळ लागला नाही. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरत उभी होती, डाव्या हातानं. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी कागद दाबून धरलेला. मागं रांग होती. एक पोरगा "आटप की" म्हणाला. तिनं मान वर न करता सांगितलं, "थांब. माझं नीट झालं की तुझं." आणि पुन्हा एकेक अक्षर काढायला लागली. शाळेत पहिलीची लेकरं काढतात तसं, सावकाश. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी नव्यानं लिहायला शिकली. माझं वय बावन्न, मला मोबाईलवर मराठी टाइप करायचा कंटाळा.

रस तसाच ठेवला, पैसे दिले आणि पळालो.

२५ एप्रिल

सांगितलं मॅडमना. पोटात राहिना. फोनवरच झापलं त्यांनी. "काका, पुन्हा तिच्या आसपास दिसलात तर मी तुमची केस सोडते. तुमचं म्हणणं तिला कोर्टात कळंल, तिचं तुम्हाला कोर्टात कळंल. दोघांसाठी तीच जागा आहे."

बरोबर आहे.

१८ मे, रविवार

बेचाळीस डिग्री. लाईट नाही, वायरमनच्या घरी! खिडकीपाशी बसून लिहितोय.

जूनमध्ये सुनावणी आहे. मॅडम विचारतात, "मला सांगायचं राहिलं असं काही आहे का?" मी नाही म्हणतो. आहे. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, शीलालाही नाही.

शॉक बसायच्या दहा दिवस आधी मी त्या हॉस्टेलात गेलो होतो. तीन पंखे बसवायचे होते. अंगणात बघतो तर सिमेंटचे नवे कोरे गट्टू बसवलेले, पार्किंग केलेलं. माझा अर्थिंगचा खड्डा त्यांच्याखाली गेलेला. पाणी घालायचं तर सोडाच, खड्डा कुठं होता हेही कळेना. मी अप्पांना म्हणालो, "अप्पा, तिथं चार गट्टू काढा, पाणी घालायला जागा पाहिजे." अप्पा म्हणाले, "काढू काढू. आधी चहा घे. आणि कूलरकडं आज बघत बसू नको, पोरी काहीबाही सांगत असतात. पंख्याचं बघ."

माझ्या पिशवीत टेस्ट लॅम्प होता. होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. एक वायर लाईनला, दुसरी अर्थिंगला लावायची. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग चांगलं, मिणमिणला तर गेलेलं. पिशवीत हात घातलाही होता. मग वाटलं, गेलेलं निघालं तर आजच्या आज काम अंगावर. ऊन लई होतं. चहा घेतला, उद्या येतो म्हणालो. गेलो नाही.

अपील केलं तर हे कुणी विचारंल अशी भीती आहे. आकडा कमी करायला जावं आणि हेच बाहेर यावं. चार लाख देऊन हे झाकलेलं राहत असेल तर स्वस्त आहे, असं कधी कधी वाटतं.

१९ जून

सेशन कोर्ट. जज साहेब वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज इतका हळू की सगळं कोर्ट पुढं वाकून ऐकतं.

सरकारी वकील म्हणाले, "आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. आता भरपाईवर तक्रार करायला जागा कुठं आहे?"

जज साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "गुन्हा कबूल करणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं नव्हे."

 शीला माझ्याकडं बघून राहिली होती आणि मी माझ्या खिशाकडं, पाकिटातला स्टॅम्प अजून तिथंच होता.

मग साहेबांनी मलाच पुढं बोलावलं. वकिलाला नाही, मला. "काय काम करता? महिन्याला किती मिळतात? घरी कोण कोण? आईला औषध कसलं?" मी एकेक सांगितलं. ते लिहून घेत होते, स्वतःच्या हातानं! आईच्या बिपीच्या गोळ्या जज साहेबांच्या वहीत गेल्या. एका गुन्हेगाराच्या घरातला किराणा ऐकायला एवढा मोठा माणूस थांबला. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसलो आणि लेकरावानी रडलो. शीलानं पाण्याची बाटली दिली.

पुढच्या तारखेला पुनमला नोटीस. तिचंही ऐकायचं म्हणाले.

३ जुलै, गुरुवार

आज सगळं लिहिणार, कितीही पानं लागोत.

पुनम आणि तिची आई धुरपताबाई पहाटे किनवटहून निघून, रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर अशा आल्या होत्या. बाईंच्या पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. वऱ्हांड्यात त्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला.

आधी साहेबांनी धुरपताबाईंना विचारलं. दवाखान्याचं बिल दोन लाख सत्तर हजारांचं कागदात होतं, ते तुम्ही भरलं का?  हो म्हणाल्या असत्या तर कुणी काय म्हणणार होतं? गरीब बाई, लेकीचा हात गेलेला.

"न्हाई साहेब. ते सरकारी योजनेत बसलं. आमचं गेलं ते गाडीभाडं, बाहीरची औषधं, अन् मी दोन महिने मजुरीला गेले न्हाई त्ये. साठेक हजार व्हतील. जास्ती कशाला सांगू? वर तोंड दाखवायचंय."

सरकारी वकिलांनी खाली बघितलं. माझ्या बाजूनं जिंकल्यासारखं झालं होतं, पण मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. 

मग पुनम. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय? हे गृहस्थ म्हणतात, चार लाख देणं त्यांना शक्य नाही."

ती डाव्या हातानं कठडा धरून उभी राहिली. म्हणाली, "सर, मला पैसे नकोत असं मी म्हणणार नाही. पाहिजेत. माझं वर्ष गेलं, हात गेला. पण ह्यांच्याकडून ह्यांच्या हिश्श्याचे पाहिजेत. दुसऱ्याच्या हिश्श्याचे ह्यांनी का द्यायचे?"

"दुसऱ्याचा कुणाचा?"

"कूलरला हात लावला की मुंग्या येत होत्या, सर. मी हॉस्टेलच्या मालकांना दोनदा सांगितलं होतं. एकदा तोंडी, एकदा रजिस्टरमध्ये लिहून. शॉकच्या पंधरा दिवस आधी. पोलिसांनाही सांगितलं. जबाबात ते आलं नाही."

पंधरा दिवस आधी. मी दहा दिवस आधी गेलो होतो. अप्पांना एवढे व्याप, एवढ्या पोरी, लक्षात राहिलं नसेल.

साहेबांनी मला विचारलं, "खालच्या कोर्टात तुमचा वकील कुणी दिला होता?"

"अप्पांनी, साहेब. हॉस्टेलच्या मालकांनी. एक पैसा घेतला नाही."

 टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. सगळे माझ्याकडं असे का बघत होते कळलं नाही. साहेबांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून लिहून घेतलं.

मग ते म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?" मॅडमनी मान हलवून नाही म्हणायला सुरुवात केली होती. आणि मी म्हणालो, "हाव. माझा हिस्सा सांगायचाय."

कसं बोललो, माहीत नाही. त्या पोरीनं माझ्याविरुद्ध हवं ते बोलायचं सोडून मोजून मापून खरं सांगितलं होतं. त्या माउलीनं दोन लाखांवर पाणी सोडलं होतं. त्या दोघींच्या पुढं मी झाकून काय ठेवणार? मॅडमनी माझी बाही ओढली. साहेबांनी सांगितलं, हे तुमच्या विरोधात जाऊ शकतं, सक्ती नाही. मी म्हणालो, "जाऊ द्या साहेब."

गट्टू सांगितले. कोरडा खड्डा सांगितला. पिशवीतला टेस्ट लॅम्प सांगितला. चहा सांगितला, अप्पा कूलरबद्दल बोलले तेही सांगितलं, कारण सगळंच सांगायचं ठरवलं होतं. तोंडातनं बाहेर पडताना जीव हलका होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुनमनं एकदाच माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही. मोजमाप घेताना बघतात तसं.

बाहेर आल्यावर मॅडमना म्हणालो, "तुमची केस बिघडवली." त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला फक्त आकड्यासाठी उभं केलं होतं काका." त्यांचे डोळे ओले होते. चष्मा पुसायचं निमित्त केलं त्यांनी.

घरी शीलाला विचारलं, सगळे असे का बघायला लागले गं, अप्पांचं नाव काढल्यावर? ती म्हणाली, "जेवा आधी."

१४ जुलै, सोमवार

निकाल लागला. जज साहेबांनी सगळा वाचून दाखवला, हळू आवाजात. चार लाखांचा आदेश रद्द. आरोपीला न ऐकता, त्याची ऐपत न बघता, खर्चाचा पुरावा न घेता लावलेला म्हणून. शिक्षा कायम. भरपाई एक लाख वीस हजार, महिन्याला पाच हजार, चोवीस हप्ते. मुलीचं बाकीचं नुकसान सरकारच्या पीडितांसाठीच्या निधीतून मिळावं अशी शिफारस. आणि हॉस्टेलच्या मालकाविरुद्ध स्वतंत्र दाद मागायला मुलीला मोकळीक. मॅडम म्हणाल्या, तिचा वकील अर्ज तयार करतोय. अप्पांना लई मनस्ताप होणार बिचाऱ्यांना.

मॅडमनी विचारलं, "ह्याच्यावरही हायकोर्टात जाता येतं. जायचंय?" मी म्हणालो, "नाही. हा आकडा विचारून लावलाय. हा माझा आहे." पहिला हप्ता बरोबरच आणला होता. तिथंच भरला.

पावती घेऊन निघालो तर वऱ्हांड्यात पुनम उभी. मी बाजूला झालो, मॅडमची ताकीद होती. पण तीच दोन पावलं पुढं आली. मॅडम जवळच होत्या, त्यांनी अडवलं नाही.

म्हणाली, "एक विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही तो दिवा लावून बघितला असता, तर किती वेळ लागला असता?"

अर्धा तास म्हणता आलं असतं. खड्डा झाकलेला होता, बोर्ड उघडायला लागला असता, असं काहीही सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं? पण तिच्या आईनं दोन लाखांचं खोटं बोललं नव्हतं.

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली. आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी बसस्टँडकडं चालायला लागल्या.

चार लाखांसाठी मी कोर्टात उभा राहिलो, माझं ऐकलं गेलं, आकडा खाली आला. ह्या पाच मिनिटांसाठी कुठं उभं राहायचं?

शीला जेवायला बोलावून राहिली. जातो.